प्रकृती स्थिर, रुग्णही स्थिर?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना दिवसातून एकदा किंवा दोनदा आत सोडले जाते. आपले माणूस डोळे मिटून पडलेले असते. तोंडात नळी, मानेतून जाणारी सलाईन, बोटाला चिमटा आणि उशाशी अखंड वाजणारा मॉनिटर. डॉक्टर सांगतात, 'प्रकृती स्थिर आहे.' एवढे ऐकले की बाहेरच्यांचा जीव भांड्यात पडतो. वृत्तपत्रेही गंभीर आजारी असलेल्या नेत्यांविषयी वर्षानुवर्षे हेच शब्द छापत आली आहेत. परंतु मराठीत 'स्थिर' या शब्दाचे अर्थ दोन. प्रकृती आणखी न ढासळणे हा एक आणि जागचे न हलणे हा दुसरा. अतिदक्षता विभागांत या दोन अर्थांची गल्लत दीर्घकाळ होत आली आणि तिची किंमत जीव वाचलेल्या रुग्णांनीच मोजली.

जीव वाचतो, नळी निघते, बिल भरले जाते आणि रुग्ण घरी येतो. त्यानंतर कुटुंबाच्या ध्यानात येते की, पंधरा दिवसांपूर्वी जिना चढणारे हे माणूस आता पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंतही जाऊ शकत नाही. 'अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू' अशी समजूत घातली जाते. हा अशक्तपणा सगळाच आजाराचा नसतो, त्यातील मोठा वाटा निश्चल पडून राहण्याचाही असतो, असे गेल्या पाव शतकातील संशोधन सांगते. म्हणूनच अतिदक्षता विभागातील रुग्णाला शक्य तितक्या लवकर जागे करणे, बसवणे, उभे करणे आणि साधल्यास व्हेंटिलेटरसह चालवणे हा उपचाराचाच भाग मानला जाऊ लागला आहे. आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या कानावर मात्र ही गोष्ट अद्याप आलेली नाही.

अंथरुणाची किंमत

आजारी माणसाने पडून राहावे, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. भाषाही त्याला साक्ष आहे. आजार बळावला की माणूस 'अंथरूण धरतो'. मात्र बरे होण्याची खूण सांगताना हीच भाषा 'हिंडूफिरू लागला' असे म्हणते. वैद्यकशास्त्रालाही अंथरुणाचे धोके अगदीच नवे नाहीत. ब्रिटनमधील डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून रुग्णांना विनाकारण झोपवून ठेवण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालवण्याचा आग्रहही त्याच दशकात धरला गेला. आज सिझेरियन झालेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, गुडघा बदललेल्या रुग्णाला वॉकर धरून उभे करतात. घरातील ज्येष्ठ मंडळी कुरकुरतात, पण हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे.

निश्चलतेने शरीराचे नेमके किती नुकसान होते, याचा एक बोलका पुरावा अमेरिकेतील डलास येथे मिळाला. १९६६ मध्ये तेथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. श्रम करण्याची त्यांची क्षमता या काळात मोठ्या प्रमाणात घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या क्षमतेत जेवढी घट झाली होती, तिच्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने झालेली घट अधिक असल्याचे आढळले.

हे तरुण निरोगी होते. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या शरीरात जंतुसंसर्गाचा दाह पेटलेला असतो, अन्न पुरेसे जात नाही, औषधांचा मारा चालू असतो. अशा शरीरात स्नायू अक्षरशः वितळतात. लंडनमधील संशोधकांनी ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफी करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. अवघ्या दहा दिवसांत त्या स्नायूचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटले होते. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, त्यांच्यात ही झीज अधिक होती.

या झिजेचे पुढे काय होते, हे टोरांटो येथील अभ्यासाने दाखवले. फुप्फुसांच्या अत्यंत गंभीर आजारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या रुग्णांचे मध्यम वय ४५ होते, म्हणजे ती कमावती माणसे होती. त्यांची फुप्फुसे सहा महिन्यांत बऱ्याच अंशी पूर्ववत झाली. तरीही वर्षानंतर सहा मिनिटांत ती जेवढे अंतर चालू शकत होती, ते अपेक्षित अंतराच्या दोन तृतीयांशच भरले. त्यांपैकी ४९ टक्केच कामावर परतले होते. ज्या अवयवासाठी त्यांना अतिदक्षता विभागात ठेवले होते तो सुधारला, पण पायांनी साथ सोडली, असा या अभ्यासाचा अर्थ होतो.

गुंगी कशी रूढ झाली?

अतिदक्षता विभागाचा जन्म झाला तेव्हा चित्र वेगळे होते. १९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना वाचवण्यासाठी भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी घशाशी छिद्र पाडून नळीवाटे हवा भरण्याचा मार्ग सुचवला. यंत्रे पुरेशी नव्हती. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी पिशव्या दाबल्या आणि रुग्णांना जगवले. या अनुभवातून पुढच्याच वर्षी पहिला अतिदक्षता विभाग आकाराला आला. पिशवी दाबणारा विद्यार्थी रुग्णाच्या उशाशी बसत असे आणि त्यातले अनेक रुग्ण जागे असत.

पुढे यंत्रे आली. सुरुवातीच्या काळातील यंत्रे रुग्णाच्या श्वासाशी जुळवून घेत नसत, त्यामुळे रुग्णालाच यंत्राशी जुळवून घ्यावे लागे. त्यासाठी गुंगीची औषधे आली, स्नायू शिथिल करणारी औषधे आली. कालांतराने यंत्रे सुधारली, रुग्णाचा श्वास ओळखून चालू लागली, परंतु गुंगीची सवय सुटली नाही. अमेरिकेतील ज्येष्ठ फुप्फुसरोगतज्ज्ञ थॉमस पेटी यांनी १९९८ मध्ये याविषयी जाहीर खंत व्यक्त केली. १९६० च्या दशकात व्हेंटिलेटरवरील आपले रुग्ण जागे असत, खुर्चीत बसत. आता विभागात फेरी मारली की निपचित पडलेली शरीरेच दिसतात, असा त्यांच्या लिखाणाचा आशय होता.

गुंगीमागे दयेचा हेतू असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. घशात नळी असताना माणूस तळमळतो, ती ओढून काढण्याचा प्रयत्न करतो. त्याला झोपवणे माणुसकीचे वाटते. शिवाय झोपलेला रुग्ण सांभाळायला सोपा असतो, हेही तितकेच खरे. पण या झोपेची मात्रा किती असावी, हा प्रश्न शिकागो येथील डॉक्टरांनी विचारला. १२८ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक वेळी गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे होऊ दिले, तर व्हेंटिलेटरचा काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर येतो, असे त्यात आढळले. रुग्णाला हलवण्याआधी त्याला जागे करावे लागते. हा अभ्यास त्यामुळेच पुढील सर्व प्रयत्नांचा पाया ठरला.

नळीसह चालणारा रुग्ण

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण चालतो, हे ऐकायला अतिशयोक्तीचे वाटेल. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील एका रुग्णालयाने २००७ मध्ये अशा १०३ रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांना बसवण्याचे, खुर्चीत नेण्याचे आणि चालवण्याचे एकूण १,४४९ प्रसंग नोंदवले गेले. रुग्ण पडणे, रक्तदाब किंवा प्राणवायूचे प्रमाण घसरणे असे अपाय एक टक्क्याहून कमी वेळा झाले. हालचाल चालू असताना श्वासनलिकेतील नळी एकदाही निघाली नाही. विभागातून बाहेर पडताना सुमारे ६९ टक्के रुग्ण शंभर फुटांहून अधिक चालू शकत होते.

याहून भक्कम पुरावा २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. शिकागो आणि आयोवा विद्यापीठांच्या रुग्णालयांतील १०४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला रोज गुंगी थांबवून लगेच भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार, म्हणजे आपण ज्यांना फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी म्हणतो ते, सुरू करण्यात आले. नळी घातल्यापासून सरासरी दीड दिवसात. दुसऱ्या गटात नेहमीच्या पद्धतीनुसार हे उपचार सुमारे सात दिवसांनी सुरू झाले. रुग्णालयातून घरी जाताना पहिल्या गटातील ५९ टक्के रुग्ण अंघोळ, कपडे, जेवण, शौचालय ही कामे स्वतःची स्वतः करू शकत होते आणि आधाराशिवाय चालत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. भ्रमावस्थेचा काळही चार दिवसांवरून दोन दिवसांवर आला. उपचारांच्या ४९८ सत्रांत गंभीर प्रसंग एकच उद्भवला.

प्रत्यक्षात हे काम पायरीपायरीने चालते. प्रथम पलंगाची उशाकडची बाजू उचलून रुग्णाला टेकवून बसवतात. तो शुद्धीवर येऊन सूचना पाळू लागला की हातपाय स्वतः हलवायला सांगतात. मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवणे, दोघा-तिघांच्या आधाराने उभे करणे, शेजारच्या खुर्चीत बसवणे, जागच्या जागी पावले टाकणे आणि शेवटी चार पावले चालणे. एकाने नळी सांभाळायची, दुसऱ्याने सलाईन आणि लघवीची पिशवी, तिसऱ्याने रुग्णाला धरायचे आणि सर्वांनी मॉनिटरवर डोळा ठेवायचा. कोणाला उठवावे आणि कोणाला नाही, यासाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ मध्ये वाहतुकीच्या सिग्नलसारखी हिरवा, पिवळा, लाल अशी पद्धत सुचवली. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांची भरमसाट मात्रा लागत असेल, प्राणवायू काठावर असेल, डोक्यातील दाब वाढलेला असेल, तर दिवा लाल. पण तो आज लाल आहे म्हणून उद्याही लालच समजायचा नसतो. रोज नव्याने पाहायचे असते.

उलटे निकाल आणि त्यांचा अर्थ

येथवरचे चित्र एकतर्फी वाटू शकेल, म्हणून विरुद्ध बाजूचा पुरावाही तपासायला हवा. पक्षाघाताच्या रुग्णांना चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार हालचाल करायला लावावी का, हे पाहण्यासाठी पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचे निकाल आले. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण घाईने उठवलेल्या गटात ४६ टक्के, तर नेहमीच्या गटात ५० टक्के होते. अतिउत्साह अंगाशी आला, असाच याचा अर्थ.

त्यानंतर २०२२ मध्ये 'टीम' नावाच्या चाचणीचे निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने सहा देशांतील ४९ रुग्णालयांत व्हेंटिलेटरवरील ७५० रुग्णांवर ती झाली. एका गटाला दररोज सरासरी सुमारे २१ मिनिटे हालचाल करवण्यात आली, दुसऱ्याला सुमारे ९ मिनिटे. १८० दिवसांपैकी रुग्ण जिवंत आणि रुग्णालयाबाहेर किती दिवस राहिला, या कसोटीवर दोन्ही गट जवळपास सारखे ठरले, १४३ दिवस आणि १४५ दिवस. हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तदाब बदलणे असे अपाय मात्र अधिक हालचालीच्या गटात ९.२ टक्के रुग्णांना, तर दुसऱ्या गटात ४.१ टक्के रुग्णांना झाले.

मग 'झोपू द्या' हेच खरे होते काय? या चाचणीतील एक तपशील बारकाईने वाचला पाहिजे. दोन्ही गटांतील ७७ टक्के रुग्ण उभे राहू शकले. अधिक हालचालीच्या गटात साधारण तिसऱ्या दिवशी आणि 'नेहमीच्या उपचारां'च्या गटात पाचव्या दिवशी. म्हणजे तेथील ज्या गटाला आपण 'काही विशेष न केलेला' समजू, त्यातील रुग्णही पाचव्या दिवशी पायांवर उभे होते. ती तुलना थोड्या हालचालीची आणि जास्त हालचालीची होती. हालचाल आणि निश्चलता यांची तुलना तीत नव्हतीच. आठ-दहा दिवस गुंगीत पडून राहणाऱ्या रुग्णाला या निकालाचा आधार देता येणार नाही.

पाठोपाठ २०२३ मध्ये शिकागोतूनच २०० रुग्णांवरील आणखी एक चाचणी आली. तीत मोजमाप पायांचे नव्हते, बुद्धीचे होते. वर्षानंतर स्मरण, एकाग्रता, आकलन यांत उणीव राहिलेल्यांचे प्रमाण लवकर हालचाल करवलेल्या गटात २४ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३ टक्के होते. हा एकाच केंद्रातील अभ्यास असल्याने त्यावर शेवटचा शब्द म्हणून विसंबता येणार नाही. तथापि या सर्व निकालांची गोळाबेरीज केली तर एक मध्यम मार्ग दिसतो. गुंगी कमीत कमी ठेवावी, रुग्णाला रोज तपासून झेपेल तेवढे उठवावे, अंगावर येईल एवढे रेटू नये. मात्रा चुकली की औषधही अपाय करते. म्हणून ते बंदच ठेवावे, असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

हातांचा दुष्काळ

आपल्याकडे हे का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या अभावात शोधण्याची गरज नाही. महानगरांतील अतिदक्षता विभागांत महागडे व्हेंटिलेटर आहेत, मॉनिटर आहेत. रुग्णाला उठवायला लागते ती मजबूत खुर्ची, वॉकर आणि हात. हातांचाच येथे दुष्काळ आहे. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हे सर्वमान्य सूत्र. प्रत्यक्षात एकीवर दोन किंवा अधिक रुग्णांचा भार पडतो, रात्रपाळीत तर विचारायलाच नको. अशा वेळी रुग्ण झोपलेला असणे ही व्यवस्थेची गरज होऊन बसते. जागा झालेला रुग्ण नळी ओढेल म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले जातात. गुंगी आणि बांधलेले हात ही अनेकदा मनुष्यबळाच्या तुटवड्यावरची तडजोड असते, हे उघडपणे बोलले जात नाही.

दुसरी अडचण फिजिओथेरपिस्टच्या स्थानाची. अनेक रुग्णालयांत तो दिवसातून एकदा येतो, छातीवर थापटून कफ मोकळा करतो, हातपाय हलवून देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. बिलात 'फिजिओथेरपी' अशी नोंद होते. नातेवाइकांना ती बिल फुगवण्याची युक्ती वाटते. पण झोपलेल्या रुग्णाचे हातपाय दुसऱ्याने हलवणे आणि जाग्या रुग्णाने स्वतःच्या बळावर उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साधायची तर गुंगी कधी थांबवायची, हा निर्णय डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी एकत्र घ्यावा लागतो. सकाळच्या फेरीत फिजिओथेरपिस्टला जागाच नसेल, तर तो येतो तेव्हा रुग्ण पुन्हा गुंगीत गेलेला असतो.

वास्तविक या शास्त्रांशी मुंबईचे नाते जुने आहे. परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था सुरू केली. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंनी अपंगांच्या पुनर्वसनासाठी आयुष्य वेचले. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांचेच नाव सांगते. फिजिओथेरपीचे देशातील पहिले विद्यालयही त्याच दशकाच्या प्रारंभी केईएममध्येच उभे राहिले. कोपनहेगनमध्ये अतिदक्षता विभाग जन्माला येत होता, त्याच सुमारास मुंबईत रुग्णाला पुन्हा पायांवर उभे करणारी शास्त्रे रुजत होती. सात दशकांनंतरही या दोन गोष्टींची गाठ आपल्या बहुतेक रुग्णालयांत नीट पडलेली नाही. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार त्यात आले. कागदावरील या मान्यतेला विभागातील पदांची जोड मिळाली तरच तिचा रुग्णाला उपयोग.

घरी परतल्यानंतर

महाराष्ट्रात 'पुनर्वसन' म्हटले की धरणग्रस्त आठवतात. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा येथे पिढ्यांनी दिली. आधी बुडवायचे आणि मग वसवण्याचा विचार करायचा, याला त्या चळवळीचा विरोध होता. अतिदक्षता विभागालाही हेच तत्त्व लागू पडते. पुनर्वसन हे डिस्चार्जनंतर सुरू करायचे काम मानले की ते होतच नाही. ते नळी असतानाच सुरू व्हावे लागते आणि घरी गेल्यावर चालू राहावे लागते.

अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्यांच्या दीर्घकालीन त्रासाला २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या बैठकीत स्वतंत्र नाव देण्यात आले, 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम'. त्यात स्नायूंची दुर्बलता येते, विसराळूपणा येतो, तसेच भीती, निद्रानाश आणि नैराश्यही येते. भ्रमावस्थेत पाहिलेली भयंकर दृश्ये काहींना महिनोन् महिने छळतात. 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून घरचे गप्प बसतात. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनाही मानसिक ताण येतो, हेही या व्याख्येत मान्य केले आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. विभागात असताना, विभागातून हलवण्यापूर्वी, घरी सोडण्यापूर्वी आणि घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी रुग्णाच्या क्षमतेची तपासणी व्हावी, असे त्यांत सांगितले आहे.

आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर रक्ताचे अहवाल, औषधांची नावे आणि पुढच्या भेटीची तारीख असते. रुग्ण उभा राहू शकतो का, किती पावले चालतो, घास स्वतः घेतो का, याची नोंद क्वचितच आढळते. घरी नेल्यावर जबाबदारी कुटुंबाची. ज्यांना परवडते ते ब्युरोतून मावशी आणतात, फिजिओथेरपिस्टला घरी बोलावतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरातील एक माणूस, बहुधा स्त्री, नोकरी सोडून उशाशी बसते. अनेक विमा पॉलिसींत घरी परतल्यानंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा उपचारखर्च अटींसह मिळतो, पण अशक्त स्नायूंना त्याहून अधिक काळ लागू शकतो. आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांत उपचारांचे दर पॅकेजच्या रूपात ठरलेले असतात. पॅकेजच्या हिशेबात रुग्णाला चार दिवस आधी उभे करणाऱ्या रुग्णालयाला वेगळे श्रेय कोठे मिळते? त्याला झोपवून ठेवणाऱ्याला तोशीस तरी कोठे लागते?

मोजायचे काय?

कोणतीही व्यवस्था जे मोजते, तेच सुधारते. अतिदक्षता विभाग आजवर मृत्यू मोजत आला, जंतुसंसर्ग मोजत आला, विभागातील दिवस मोजत आला. ते मोजायलाच हवे. त्यात आणखी एका रकान्याची भर पडली पाहिजे, तो म्हणजे 'आज रुग्णाने काय केले?' टेकून बसला, पलंगाच्या कडेला बसला, उभा राहिला, चार पावले टाकली, की काहीच नाही. आणि काहीच नाही, तर का नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही, तक्त्यावर एक ओळ लागते. रोज त्या ओळीत 'काहीच नाही' लिहावे लागले, तर माणसे कमी आहेत की गुंगी जास्त आहे, हे आपोआप उघड होईल. पालिका आणि सरकारी रुग्णालयांतील रिक्त पदांच्या चर्चेलाही त्यातून नेमका आधार मिळेल. विमा कंपन्या आणि सरकारी योजना यांनी अशा नोंदीला दराशी जोडले, तर खासगी रुग्णालयेही खुर्च्या आणि माणसे दोन्ही आणतील.

नातेवाइकांच्या हाती काय आहे? थोडेफार आहे. भेटीच्या वेळी 'स्थिर आहेत ना?' या प्रश्नानंतर आणखी दोन प्रश्न विचारता येतात. आज गुंगी कमी केली होती का? आज बसवले का, आणि नसेल तर कोणत्या कारणाने? कारण वैद्यकीय असेल तर डॉक्टर ते सांगतील आणि ते मान्य केले पाहिजे. रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र आत पोहोचवता येते, त्याला त्याच्या भाषेत आजचा वार, तारीख, घरची खुशाली सांगता येते. भ्रमावस्थेत भरकटणाऱ्या मनाला ओळखीचा आवाज आधार देतो. आणि रुग्णाला उठवताना तो कण्हला, तर 'कशाला त्रास देता' असे म्हणून कर्मचाऱ्यांवर धावून न जाणे, हेही नातेवाइकांनी करायचे काम आहे. हिंसाचाराच्या घटनांनी आधीच धास्तावलेली रुग्णालये अशा वेळी निश्चलतेचा सोपा मार्ग धरतात.

कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत असंख्य कुटुंबांनी अतिदक्षता विभागाचे दार प्रथमच पाहिले. परत आलेली माणसे महिनोन् महिने धापा टाकत भिंत धरून चालताना अनेकांनी पाहिली. त्या अनुभवाने एक गोष्ट शिकवली असेल, तर ती ही की वाचणे आणि बरे होणे यांच्यामध्ये मोठे अंतर आहे आणि ते पायीच कापावे लागते. त्यातील पहिले पाऊल घराच्या उंबऱ्याआत पडायचे की विभागातील त्या पलंगाशेजारीच, हे पुष्कळ अंशी रुग्णालयाच्या हाती आहे.